किर्लोस, किर्लोस्कर, किर्लोस्करवाडी

(या भागाचं शब्दांकन. बोलताना फार झालेले 'म्हणजे' आणि 'ना' तेवढे काढलेत, बाकी बोलल्यासारखंच ठेवलंय.)



मुंबईहून पुण्यामार्गे कोल्हापूरला जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा मिळाली, तर कराड गेल्यावर फोन जरा खाली ठेवा. शेणोली, भवानीनगर, ताकारी अशी छोटी छोटी स्टेशनं मागे पडतात. आजूबाजूला ऊस, ऊस आणि ऊस. आणि मग पिवळ्या पाटीवर एक नाव येतं: किर्लोस्करवाडी.

आता हे नाव आपल्या इतकं कानावरचं आहे, की त्यात काही विचित्र आहे असं वाटतच नाही. पण थांबून बघा. मराठीत सहसा काय होतं? गाव आधी असतं आणि आडनाव नंतर येतं. सातारचा तो सातारकर, पंढरपूरचा तो पंढरपूरकर. 'कर' लागला की समजायचं, हा माणूस कुठून तरी आलाय. इथे मात्र उलटं झालंय. 'कर' लागलेलं आडनाव आधी, आणि त्याच्यापुढे 'वाडी' लागून गाव तयार! म्हणजे गावाच्या नावात अजून एक गाव दडून बसलंय.

ते दडलेलं गाव आधी शोधू.

मॅप उघडा आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण तालुक्यात 'किर्लोस' शोधा. सापडेल. छोटं कोकणी गाव. आज शेतीवाल्यांना ते माहीत असतं, कारण जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र तिथे आहे. किर्लोस्कर हे आडनाव या किर्लोसवरून आलं. पण ज्या किर्लोस्करांबद्दल आपण बोलणार आहोत ते काही कोकणात वाढले नाहीत. त्यांचं घराणं कधीच घाट चढून वर गेलं होतं आणि आत्ताच्या कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर नावाच्या गावात स्थिरावलं होतं. संगीत शाकुंतलवाले अण्णासाहेब किर्लोस्कर, म्हणजे मराठी संगीत नाटकाची मुहूर्तमेढ रोवणारे, त्यांचा जन्म १८४३ सालचा, याच गुर्लहोसूरचा. आणि नांगरवाले लक्ष्मणराव किर्लोस्कर, जन्म १८६९, तेही गुर्लहोसूरचेच. नाटकाचा पडदा आणि लोखंडाचा फाळ एकाच गावातून निघाले म्हणायचं.

जाता जाता एक गंमत. कन्नडमध्ये 'होस' म्हणजे नवं आणि 'ऊरु' म्हणजे गाव. होसूर म्हणजे नवं गाव. आपल्याकडे नवेगाव असतं ना, तसंच. तर किर्लोस सोडून नव्या गावात गेलेल्या घराण्याने पुढे स्वतःच एक नवं गाव वसवलं.

आता लक्ष्मणरावांकडे येऊ. त्यांना चित्रकार व्हायचं होतं. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, पण त्यांना काही रंगच नीट ओळखता येत नव्हते. रंगांधळेपणा. चित्रकाराच्या नशिबात याहून वाईट काय असणार? मग ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले, तिथे रंगांचं काम नाही. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आत्ताच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायला लागले. तिथे हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, आणि यांनी नोकरी सोडली. बेळगावात थोरले भाऊ रामूअण्णा होते. दोघांनी मिळून सायकली विकायचा धंदा आधीच सुरू केला होता, १८८८ पासून. 'किर्लोस्कर ब्रदर्स' ही पाटी तेव्हाची. सायकली विकता विकता दुरुस्ती, दुरुस्ती करता करता यंत्रं, आणि मग कडबा कापायचं यंत्र, आणि १९०३ च्या सुमाराला लोखंडी नांगर.

नांगर विकेना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला जवळजवळ दोन वर्षं गेली. मला या समजुतीवर हसावंसं वाटत नाही. ज्याचं वर्षभराचं पोट एका शेतावर आहे तो माणूस नव्या वस्तूला भिणारच. आपण नवं अ‍ॅप टाकताना परमिशन वाचत नाही, त्याला पिकाची परमिशन मागावी लागत होती.

हळूहळू नांगर चालले, कारखाना वाढला, आणि बेळगावच्या नगरपालिकेने अडचण उभी केली. ज्या जागेवर कारखाना होता तिथून तो हलवणं भाग पडलं. मशीन आहेत, माणसं आहेत, मागणी आहे, आणि जागा नाही. चाळिशी ओलांडायला आलेला माणूस, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

इथे गोष्टीत एक राजा येतो.

औंध संस्थान. साताऱ्याजवळचं. हे संस्थान नकाशावर बघितलं तर हसू येतं, कारण ते एका जागी नव्हतंच. क्षेत्रफळ सगळं मिळून जेमतेम पाचशे चौरस मैल आणि तेही चार तुकड्यांत विखुरलेलं: औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ. मधे मधे ब्रिटिशांचा मुलूख, नाहीतर दुसऱ्या कुठल्या संस्थानाचा. राजाला आपल्याच राज्यात फिरायचं तर सीमा ओलांडून जायला लागायचं. १९०९ साली तिथे बाळासाहेब पंतप्रतिनिधी गादीवर आले. हे तेच, सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेले, स्वतः चित्रं काढणारे. चित्रकार राजा आणि चित्रकार व्हायचं राहून गेलेला यंत्रवाला, यांची गाठ पडली. औंधच्या देवळाच्या मंडपाचं काम लक्ष्मणरावांनी घेतलं होतं. कारखान्याची अडचण कळल्यावर राजांनी सांगितलं, माझ्या राज्यात या. जमीन दिली ३२ एकर, आणि उभं राहायला कर्जही दिलं.

जागा लक्ष्मणरावांनी कुठे घ्यावी? राजधानीजवळ, दरबाराच्या सावलीत घ्यावी असं कुणालाही वाटेल. त्यांनी घेतली चार तुकड्यांपैकी कुंडलच्या तुकड्यात, रेल्वे स्टेशनला लागून. कारण साधं आहे. लोखंड आणि कोळसा येणार रेल्वेने, नांगर जाणार रेल्वेने. राजा जवळ नसला तरी चालेल, मालधक्का जवळ पाहिजे.

त्या स्टेशनचं नाव होतं 'कुंडल रोड'.

आता इथे जरा रेंगाळू, कारण रेल्वेच्या नावातला हा 'रोड' फार फसवा आहे. सावंतवाडी रोडला पहिल्यांदा उतरलेल्या माणसाला विचारा. स्टेशनच्या नावात 'रोड' असणं याचा अर्थ, गाव इथे नाहीये, इथून रस्ता जातो. नाशिक रोडचंही मूळ तेच, आता भोवती शहर वाढलंय म्हणून लक्षात येत नाही. कुंडल रोड म्हणजे कुंडलला जायचं असेल तर इथे उतरा आणि पुढे चालायला लागा. कुंडल स्वतः जुनं, नावाजलेलं गाव. डोंगरात झरी पार्श्वनाथाचं जैन तीर्थ आहे, दुरून यात्रेकरू येतात. पण स्टेशनपाशी काय होतं? माळ. निवडुंग आणि साप. लक्ष्मणरावांच्या मुलाने, शंतनुराव किर्लोस्करांनी, पुढे आत्मचरित्र लिहिलं त्याचं नावच 'कॅक्टस अँड रोझेस' आहे. त्यातला कॅक्टस हाच.

तर १९१० साली ही मंडळी या माळावर उतरली तेव्हा त्या जागेला स्वतःचं असं नावच नव्हतं. जे होतं ते दुसऱ्या गावाचं उसनं घेतलेलं होतं, आणि त्यालाही 'रोड' लावलेला, म्हणजे 'इथे थांबू नका, पुढे जा'. हे लोक मात्र थांबले.

मग 'वाडी' का? 'नगर' का नाही, 'पूर' का नाही? याच काळात तिकडे बिहारात टाटांचा पोलादाचा कारखाना उभा राहत होता. साकची नावाचं गाव होतं. १९१९ साली व्हॉइसरॉय चेम्सफर्ड तिथे आला आणि त्याने जमशेदजींच्या नावावरून जमशेदपूर असं नाव जाहीर केलं. शेजारच्या कालीमाटी स्टेशनचं टाटानगर झालं. व्हॉइसरॉय, समारंभ, 'पूर', 'नगर', सगळा थाट.

आपल्याकडे वाडी. देशावर वाडी म्हणजे मूळ गावापासून फुटून निघालेली चार घरांची वस्ती. शेत लांब पडतं म्हणून एखादी भावकी रानात राहायला जाते, आणि लोक म्हणतात ही जाधवांची वाडी, ती मोऱ्यांची वाडी. ज्यांची घरं त्यांचं नाव. त्यासाठी ठराव लागत नाही, नारळ फोडावा लागत नाही. किर्लोस्करवाडी हे नाव या रीतीत एकदम फिट बसतं. त्यात मोठेपणाचा आव नाही. कारखान्याला वाडी म्हणणारी भाषा अजून शेतीची भाषा होती, आणि तयार काय होत होतं? नांगर. मला हे नाव म्हणूनच टाटानगरपेक्षा गोड वाटतं. (जमशेदपूरकरांनी रागावू नये.)

पण वाडी म्हणून लोकांनी हाक मारणं एक आणि ते नाव पक्कं होणं दुसरं. आजही एखाद्या गावाचं नाव बदलायचं तर राज्य सरकार केंद्राच्या गृह खात्याकडे प्रस्ताव पाठवतं, आणि गृह खातं तीन जणांना विचारतं: रेल्वे, पोस्ट आणि नकाशे काढणारी सर्व्हे ऑफ इंडिया. का? कारण नाव खऱ्या अर्थाने राहतं ते तिकिटावर, पाकिटावर आणि नकाशावर. किर्लोस्करवाडीच्या बाबतीत यातल्या दोन गोष्टी फार जोरात घडल्या.

पहिली रेल्वे. कुंडल रोड जाऊन स्टेशनची पाटी किर्लोस्करवाडी झाली. एकदा पाटी बदलली की मग वाद संपला. तिकीट त्याच नावाचं, मालाची पावती त्याच नावाची.

याची किंमत कळायला शेजारचं उदाहरण बघा. कराडजवळ ओगलेवाडी आहे. तीही औंध संस्थानाच्याच आश्रयाने, १९१६ सालापासून. ओगले ग्लास वर्क्स, काचेचा कारखाना, आणि त्यांचा 'प्रभाकर' कंदील. वीज नसलेल्या महाराष्ट्रात हा कंदील घराघरात होता, आजोबांना विचारा. नाव त्याच पद्धतीचं: घराण्याचं आडनाव अधिक वाडी. आता कराडचं रेल्वे स्टेशन प्रत्यक्षात कुठे आहे? ओगलेवाडीत! पण पाटीवर नाव कराडचं. कारखाना बंद पडला, कंदील माळ्यावर गेले, आणि ओगलेवाडी हे नाव आता ज्यांना माहीत आहे त्यांनाच माहीत आहे. दोन वाड्या, एकच राजा, एकच रीत. एकीला पाटी मिळाली, एकीला नाही.

दुसरी गोष्ट पोस्ट. आणि ही मला जास्त भारी वाटते. १९२० साली कारखान्याने एक छोटं मासिक काढलं, 'किर्लोस्कर खबर'. मूळ हेतू सरळ धंद्याचा, आपल्या मालाची खबर गिऱ्हाइकापर्यंत जावी. पण ते चालवणारे होते शंकरराव किर्लोस्कर, आणि त्यांनी त्याचं बघता बघता वेगळंच काहीतरी केलं. 'खबर' गळालं आणि नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं. १९३० मध्ये 'स्त्री' निघालं, १९३४ मध्ये 'मनोहर'. बायकांच्या शिक्षणावर, लग्नाच्या वयावर, बुवाबाजीवर, विज्ञानावर लेख. ही मासिकं त्या काळी कुठून निघत होती? पुण्यातून नाही, मुंबईतून नाही. एका वाडीतून.

विचार करा. विदर्भातल्या एखाद्या गावात पोस्टमन अंक टाकतो. घरातली सून, जी कधी तालुक्याच्या पलीकडे गेलेली नाही, दुपारी भांडी घासून झाल्यावर तो उघडते. तिला साताऱ्याकडचा नकाशा माहीत नाही, औंध कुठे ते माहीत नाही, पण किर्लोस्करवाडी हे नाव माहीत आहे. संपादकांना पत्र लिहायचं तर पाकिटावर तेच लिहायचं. आख्ख्या महाराष्ट्राने हाताने लिहून लिहून ते नाव पक्कं केलं. चार घरांच्या वस्तीला मिळणारं साधंसुधं 'वाडी' हे नाव मराठी वाचणाऱ्या माणसासाठी जवळपास एका विचाराचं नाव झालं. असं भाग्य कुठल्या जाधववाडीला मिळालं नाही, आणि त्यात जाधववाडीची काही चूक नाही.

आता थोडा कडू भाग.

नाव किर्लोस्करांचं. पण माळ एकट्या किर्लोस्करांनी साफ केला का? नाही. रामूअण्णा गावाची व्यवस्था बघत. शंभुराव जांभेकर इंजिनिअर. मंगेशराव रेगे हिशेबाला. अनंतराव फळणीकर, शाळा अर्धवट सोडलेले आणि तरी यंत्रं घडवणारे. के. के. कुलकर्णी. आणि अजून दोन नावं या गोष्टीत हमखास सांगितली जातात: तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघेही दरोड्यासाठी शिक्षा झालेले. लक्ष्मणरावांनी त्यांना वाडीचे पहारेकरी नेमलं, आणि त्यांनी ती राखण इमानाने केली.

सगळे ही गोष्ट लक्ष्मणरावांच्या मोठ्या मनाची म्हणून सांगतात. ती आहेच. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून आख्ख्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारायची सरकारी सोय झालेली होती. त्या काळात शिक्षा भोगून आलेल्या माणसाच्या हातात किल्ल्या देणं ही छोटी गोष्ट नाही.

पण आपण आज नावांबद्दल बोलतोय, म्हणून ही यादी नावं म्हणून पुन्हा वाचा. जांभेकर, फळणीकर, किर्लोस्कर: ही गावावरून आलेली नावं. कुलकर्णी: हे हुद्द्यावरून आलेलं नाव. आणि रामोशी, मांग? ही जातीची नावं. पहिल्या लोकांना नाव विचारलं की ते कुठून आले ते कळतं. दुसऱ्याला विचारलं की पूर्वजांकडे काय काम होतं ते कळतं. या दोघांच्या बाबतीत एवढंच कळतं, की समाजाने त्यांना कुठल्या खोक्यात टाकलं होतं. त्यांचंही काहीतरी गाव असणार ना? घर असणार. 'अमुककर' म्हणण्यासारखं काहीतरी. ते कुणी लिहून ठेवलं नाही. 'पिऱ्या' हे तर एकेरी, हाक मारायचं नाव. त्याच यादीत बाकीच्यांपैकी बरेचसे 'राव' आहेत.

मी हे लक्ष्मणरावांना नावं ठेवायला सांगत नाहीये. त्यांनी त्या दोघांना जेवढं दिलं तेवढं त्या काळात फार थोड्यांनी दिलं असतं. पण गावाला कुणाचं नाव मिळतं हे ठरायच्या आधीच, कुणाकडे गावाला देण्यासारखं नाव आहे हे ठरलेलं असतं. वाडी राखणाऱ्याचं नाव वाडीला लागत नाही.

आणि पाटीवर नाव असण्याची दुसरीही एक बाजू आहे. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. खुनी महाराष्ट्रातला, ब्राह्मण. त्यानंतरच्या दिवसांत दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं, दुकानं, वाडे पेटवले गेले. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावली गेली. ज्या कारखान्यात आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं भाकरी कमवत होती तोच कारखाना. अडतीस वर्षं जे नाव ओळख होतं, ते त्या दिवसांत पत्ता झालं. कुठे जायचं ते कुणाला विचारावं लागलं नाही, स्टेशनवरच लिहिलेलं होतं.

कारखाना पुन्हा उभा राहिला. नाव बदललं नाही. आज तिथे पंप तयार होतात. लक्ष्मणराव १९५६ साली गेले. त्याच वर्षांच्या आसपास औंधचं कुंडल सातारा जिल्ह्याच्या दक्षिण भागात विलीन होऊन, त्या भागाचा वेगळा जिल्हा होऊन, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडायच्या वाटेवर होतं. संस्थान गेलं, जिल्हा बदलला, तालुकाही पुढे पलूस झाला. वाडी तिथेच.

आणि कुंडल? ज्याचं नाव स्टेशनवरून उतरवलं गेलं ते गाव? त्याने आपलं नाव दुसऱ्याच मार्गाने इतिहासात लिहिलं. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार या भागात चाललं, आणि कुंडल हा त्याचा बालेकिल्ला होता. जी. डी. बापू लाड कुंडलचे. १९४३ च्या जूनमध्ये शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी याच मार्गावर लुटली गेली. म्हणजे रेल्वेने कुंडलचं नाव काढलं, आणि कुंडलच्या पोरांनी रेल्वेच अडवली. दोन्हींचा संबंध नाही हो, पण जुळून आलंय छान!

शेवटी राजाबद्दल. या सगळ्यात बाळासाहेब पंतप्रतिनिधींचं नाव कुठे आहे? जमीन त्यांची, कर्ज त्यांचं. राजे लोकांना स्वतःच्या नावाची पुरं आणि गंज वसवायची केवढी हौस असते हे आपल्याला माहीत आहे. यांच्या आश्रयाने दोन वाड्या वसल्या, एक किर्लोस्करांच्या नावाची, एक ओगल्यांच्या.

आणि त्यांच्याच राज्यात आणखी एक वस्ती झाली, जिचं नाव या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. १९३८–३९ मध्ये या राजाने आपले अधिकार प्रजेकडे सोपवले. गांधीजींचा सल्ला होता, आणि हे घडवून आणण्यात मॉरिस फ्रिडमन नावाचा एक पोलिश इंजिनिअर पुढे होता. (त्याच्यावर एक वेगळा भाग करावा लागेल, तो माणूस म्हणजे कादंबरी आहे.) त्याच सुमाराला आटपाडीच्या माळावर एक तुरुंग सुरू झाला. भिंती नाहीत, गज नाहीत. खुनासारख्या गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेले कैदी तिथे शेती करायचे, बायकामुलांना घेऊन राहायचे. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा याच प्रयोगावरून सुचलेला. कथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी, आणि त्यांचं माडगुळे गाव आटपाडी तालुक्यातच आहे.

त्या कैद्यांच्या वसाहतीला नाव काय दिलं? स्वतंत्रपूर.

तिथे राहणाऱ्यांत कुणी 'कर' होते, कुणाचं नाव जातीवरून पडलं होतं, आणि कागदावर सगळ्यांना नंबर होता. त्यांतल्या कुणाचंच नाव वस्तीला लागलं नाही आणि राजाचंही नाही. पण तिथे जन्मलेल्या पोराला कुणी विचारलं, कुठला रे तू, तर त्याला 'तुरुंगातला' असं म्हणावं लागत नव्हतं. 'स्वतंत्रपूरचा' म्हटलं की झालं.

मंडळी, आता तुमची पाळी. तुमच्या गावाचं किंवा वाडीचं नाव कुणाच्या आडनावावरून पडलंय का, आणि ती माणसं अजून तिथे राहतात का, एवढं शोधून व्हॉइस नोट पाठवा. सुरुवात आजीपासून करा. तिच्या माहेरच्या स्टेशनचं जुनं नाव ती अजून तेच म्हणत असेल. आणि चुलतआजोबांच्या पेटीत लग्नपत्रिका किंवा जुनी पोस्टकार्डं असतील तर शिक्क्याचा फोटो जवळून काढा, अक्षरं दिसली पाहिजेत.

भेटू पुढच्या भागात!